प्रकाशाची कंपने मोजणारी फणी: एका एर्बियम फायबर कॉम्बचे दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

इंदूरमधील आमच्या लहानशा प्रयोगशाळेत गेली दोन वर्षे एक एर्बियम फायबर फ्रिक्वेन्सी कॉम्ब, म्हणजे प्रकाशाची वारंवारता मोजण्यासाठी वापरायचे लेसर-यंत्र, जवळजवळ रोज चालू असतो. हे यंत्र घेण्यापूर्वी आम्ही जेवढी माहितीपत्रके वाचली त्यांपैकी एकातही आम्हाला हवे होते ते सापडले नाही. माळव्यातल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, साध्या इमारतीतल्या खोलीत आणि मोजक्या माणसांच्या हाताखाली हे यंत्र कसे वागते, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते. ते आता आम्हाला अनुभवाने कळले आहे आणि अशा खरेदीचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांपर्यंत ते पोहोचावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. यंत्र युरोपात तयार झालेले आहे. कंपनीचे आणि तिच्या भारतातील प्रतिनिधीचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचा जो भाग पुढे येईल तो त्यांच्याशी बोलून सोडवण्याचे काम चालू आहे आणि या वर्गातली बहुतेक यंत्रे एकाच तत्त्वावर चालत असल्यामुळे नावावाचून वाचकाचे काही अडणार नाही.

लेसर हा शब्द इंदूरला नवा नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र याच शहरात आहे आणि इंडस-1 व इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून प्रकाश मिळवणारी यंत्रे, तिथेच चालतात. राजेंद्रनगरातल्या मराठी घरांत आजही ‘मुलगा कॅटमध्ये आहे’ (कॅट हे या केंद्राचे जुने नाव) एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. आमची प्रयोगशाळा त्या मानाने अगदी लहान आहे. रुबिडियमच्या वाफेचा वर्णपट तपासणे हे आमचे मुख्य काम आणि तेवढ्यासाठी कोट्यवधी रुपयांचे यंत्र कशाला हवे, असा प्रश्न आम्हाला आमच्याच सहकाऱ्यांनी विचारला होता. तो रास्त होता.

त्याचे उत्तर देण्यासाठी हे यंत्र नेमके काय करते ते आधी सांगितले पाहिजे. दृश्य प्रकाश सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा कंप पावतो आणि कोणताही इलेक्ट्रॉनिक काउंटर एवढ्या वेगाने मोजू शकत नाही. दुसऱ्या बाजूला आपल्या सेकंदाची व्याख्या सिझियमच्या 9,192,631,770 हर्ट्झच्या कंपनांवर उभी आहे, म्हणजे मोजण्याची पट्टी सूक्ष्मलहरींच्या प्रदेशात आणि मोजायची वस्तू तिच्याहून चाळीस हजार पट वर, अशी परिस्थिती होती. ही दरी ओलांडण्यासाठी पूर्वी एकापुढे एक लेसर जोडून वारंवारतेची साखळी उभी करत. जर्मनीतील पीटीबी या मापनसंस्थेने 1996 मध्ये कॅल्शियमच्या 657 नॅनोमीटरच्या रेषेची वारंवारता अशा साखळीने मोजली, आणि त्या काळी एवढा खटाटोप मोठ्या राष्ट्रीय संस्थेलाच परवडत असे. कॉम्बने ही सगळी साखळी एका टेबलावर आणून ठेवली. या कामासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना रॉय ग्लाउबर यांच्यासह 2005 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॉम्ब म्हणजे फणी, आणि हे नाव अगदी चपखल आहे. मोडलॉक केलेला, म्हणजे आतल्या सगळ्या कंपनांची लय एकमेकांशी जुळवलेला, लेसर ठरावीक अंतराने अतिशय लहान स्पंद सोडत राहतो. त्या स्पंदमालिकेचा वर्णपट उलगडून पाहिला तर सलग पट्टा दिसत नाही, तर समान अंतरावर उभ्या असलेल्या हजारो बारीक रेषा दिसतात. या रेषा म्हणजे फणीचे दात. आमच्या यंत्रात दोन दातांमधले अंतर 250 मेगाहर्ट्झ आहे. सगळी फणी शून्यापासून जराशी सरकलेली असते आणि ते सरकणे हा दुसरा आकडा. हे दोन आकडे सांभाळले की हव्या त्या दाताची वारंवारता साध्या गुणाकार-बेरजेने निघते: दाताचा क्रमांक गुणिले 250 मेगाहर्ट्झ, अधिक सरकलेले अंतर. दोन्ही आकडे रेडिओ वारंवारतेच्या टप्प्यातले असल्यामुळे ते अणुघड्याळाला बांधता येतात. सरकण्याचा आकडा मोजण्यासाठी फणी इतकी रुंद करावी लागते की तिच्या तांबड्या टोकाची वारंवारता दुप्पट केल्यावर ती निळ्या टोकाला जाऊन भिडावी. आमच्या यंत्रात हे काम साधारण 2100 आणि 1050 नॅनोमीटर या दोन टोकांवर होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. आम्ही रुबिडियम-85 मधील जे संक्रमण पाहतो त्यात अणू एकाच वेळी 778 नॅनोमीटरचे दोन फोटॉन शोषून 5S या ऊर्जापातळीवरून 5D पातळीवर जातो. हे दोन फोटॉन समोरासमोरच्या दिशांनी येत असल्यामुळे अणू ज्या वेगाने पळत असतो त्याचा एका फोटॉनवर जो परिणाम होतो त्याच्या बरोबर उलट परिणाम दुसऱ्यावर होतो आणि बेरजेत दोन्ही नाहीसे होतात. खोलीच्या तापमानाला रुबिडियमच्या नेहमीच्या 780 नॅनोमीटरच्या रेषेला डॉप्लर परिणामाने सुमारे 500 मेगाहर्ट्झची रुंदी येते. द्विफोटॉन रेषा त्या मानाने इतकी अरुंद असते की ती पहिल्यांदा पडद्यावर उमटली तेव्हा आमच्या एका विद्यार्थिनीला तो विजेच्या तारेतून आलेला गोंगाट वाटला होता. अणू खाली उतरताना 420 नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडतो. 90 अंशांच्या वर तापवलेल्या काचेच्या सेलमध्ये, खोलीतले दिवे मालवल्यावर, किरणाच्या वाटेवर एक बारीक निळी रेघ डोळ्यांना दिसते. लेसर डोळ्यांना जेमतेम दिसणारा, त्याने उजळलेला अणू मात्र स्पष्ट निळा, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि तरीही दर वेळी दिवा मालवून पाहतो.

या रेषेसाठी एर्बियमचा कॉम्ब सोयीचा पडतो, कारण 778 नॅनोमीटर हे 1556 च्या बरोबर निम्मे आहेत आणि 1556 नॅनोमीटर हा दूरसंचाराच्या फायबरचा प्रदेश आहे. दूरसंचारासाठी बनलेला लेसर घ्यायचा, स्फटिकातून त्याची वारंवारता दुप्पट करून प्रकाश अणूंकडे पाठवायचा आणि मूळ लेसर कॉम्बच्या शेजारच्या दाताशी ताडून पाहायचा, अशी आमची मांडणी आहे. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने या संक्रमणासाठी 385,285,142,375 किलोहर्ट्झ हे मूल्य शिफारस केलेले आहे. त्याचे निम्मे केले आणि 250 मेगाहर्ट्झने भागले की दाताचा क्रमांक 7,70,570 येतो आणि 71.1875 मेगाहर्ट्झ शिल्लक राहतात. आम्ही फणीचे सरकणे 20 मेगाहर्ट्झवर बांधून ठेवतो, म्हणून काउंटरवर 51.1875 मेगाहर्ट्झच्या आसपासचा ठोका, म्हणजे लेसर आणि दात यांच्या वारंवारतांमधला फरक, दिसला की लेसर योग्य जागी आहे असे समजायचे. शेकडो टेराहर्ट्झचा प्रकाश अशा रीतीने बाजारात सहज मिळणाऱ्या काउंटरच्या आवाक्यात येतो. हे हिशेब मी पहिल्या दिवशी कागदावर मुद्दाम हाताने केले होते आणि तो कागद अजून टेबलाच्या कडेला चिकटवलेला आहे.

यंत्राच्या बाजूने पहिली चांगली गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. पूर्वीच्या कित्येक फायबर लेसरमध्ये ध्रुवीकरणाच्या पट्ट्या फिरवत बसावे लागे आणि तापमान जरा बदलले की मोडलॉक सुटे. या यंत्रातील फायबर ध्रुवीकरण टिकवून धरणारा आहे आणि मोडलॉक बटण दाबल्यावर आपोआप होतो. दोन वर्षांत तो न होण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. सरकण्याच्या संकेताची गुणवत्ताही पहिले वर्षभर उत्तम होती: 100 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाटाच्या वर सुमारे 40 डेसिबल. काउंटरने एकही ठोका न चुकता मोजावा यासाठी निदान 30 डेसिबल लागतात, असा या क्षेत्रातला अनुभवाचा दंडक आहे, म्हणजे हाताशी चांगली सवड होती. तरीही एकाच संकेतावर दोन वेगवेगळ्या गाळण्या लावून दोन काउंटर बसवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर ते निरीक्षण टाकून द्यायचे. ही दक्षता घेतली नाही तर चुकलेले ठोके सरासरीत मिसळून जातात आणि निकाल दिसायला नीटनेटका पण खोटा निघतो.

तापमानाविषयी मात्र माहितीपत्रकावर विसंबून राहू नये. लेसरच्या आतली फायबरची वाट जेमतेम पाऊण-एक मीटर लांब असते. तापमान एका अंशाने बदलले की तिची प्रकाशीय लांबी दशलक्षात सात-आठ भागांनी बदलते आणि दातांमधले अंतर दीड-दोन हजार हर्ट्झने सरकते. आकडा किरकोळ वाटतो, पण त्याला 7,70,570 ने गुणले की आमच्या कामाचा दात एक गिगाहर्ट्झहून जास्त हललेला असतो. आतला पायझो, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर ताणला जाणारा भाग, ही घसरण भरून काढतो, मात्र त्याची ताणण्याची मर्यादा साधारण तेवढ्या एका अंशापुरतीच असते. आमच्या खोलीत भिंतीवरचा साधा एसी होता. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना त्याचा कंप्रेसर दर काही मिनिटांनी सुरू-बंद होई आणि पायझोच्या व्होल्टेजचा आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली जाई. आलेख पाहून कंप्रेसर केव्हा सुरू झाला ते मिनिटासह सांगता येत असे. दुपारी तीनच्या सुमारास पायझो टोकाला जाऊन पोहोचला की लॉक, म्हणजे फणीला घड्याळाशी बांधून ठेवणारी जोड, सुटायचा आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागायची.

शेवटी आम्ही एसी बदलून सतत चालणारा, वेग कमी-जास्त करणारा घेतला, त्याचा झोत टेबलावर येणार नाही अशी आडवी फळी लावली आणि कॉम्बच्या पेटीभोवती फोमचे दुसरे आवरण केले. हे आवरण आमच्या कार्यशाळेतल्या काकांनी दोन दिवसांत तयार करून दिले. त्यानंतर पेटीतले तापमान दिवसभर एका अंशाच्या दहाव्या हिश्शात राहू लागले आणि लॉक रात्रभर टिकू लागला. यंत्राच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च नगण्य होता, म्हणूनच विक्रेत्याने खोली पाहायला आलेल्या दिवशी या गोष्टी सांगायला हव्या होत्या असे मला वाटते.

दुसरी अडचण पावसाळ्यात आली. जुलैमध्ये बाहेरची हवा दमट आणि खोली थंड, अशा वेळी दार उघडे राहिले की धातूच्या गार भागांवर ओल धरते. दुसऱ्या पावसाळ्यात सरकण्याचा संकेत हळूहळू 40 वरून 28 डेसिबलवर आला. आम्ही लेसरला ऊर्जा पुरवणाऱ्या पंप डायोडवर, स्फटिकावर, शेवटी काउंटरवरसुद्धा संशय घेतला. कारण निघाले ते एका तिरक्या कापाच्या फायबर कनेक्टरवर बसलेल्या धुळीच्या कणाचे. तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली गाभ्याच्या अगदी कडेला तो जळून काळा झालेला दिसत होता. नवीन जोडतार लावताच संकेत पूर्ववत झाला. कनेक्टर जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी तपासायचा आणि पुसायचा, हा नियम पुस्तिकेत आहेच. आम्ही तो मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावला आहे, कारण घाईच्या वेळी इंग्रजी पुस्तिकेचे सत्तेचाळीसावे पान कोणी उघडत नाही.

माझी खरी तक्रार सेवेबद्दल आहे. संकेत खालावल्याचे आम्ही प्रतिनिधीला त्याच दिवशी आलेखांसह कळवले होते. पहिले उत्तर नऊ दिवसांनी आले आणि तेही खरेदीच्या पावतीचा क्रमांक विचारणारे. अभियंता येईपर्यंत पाच आठवडे गेले आणि तोवर दोष आम्हीच शोधून दूर केला होता. एवढ्या किमतीच्या यंत्राच्या वार्षिक सेवा करारात प्रतिसादाची मुदत लिहिलेली नसणे ही गंभीर उणीव आहे आणि करार नीट न वाचता सही करणे ही आमची चूक होती. याउलट युरोपातल्या मूळ कंपनीच्या तंत्रज्ञांचा अनुभव चांगला आला. थेट लिहिल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी दूरस्थ जोडणीने लॉकचे मापदंड पाहिले, दोन सुधारले आणि ते का सुधारले हेही समजावून सांगितले.

घड्याळाकडे खरेदीच्या वेळी फार थोडे लोक लक्ष देतात. कॉम्ब स्वतः काही मोजत नाही. ज्या संदर्भाला तो बांधला आहे त्याची अचूकता तो प्रकाशापर्यंत पोहोचवतो, एवढेच. आमच्याकडे जीपीएसने शिस्तीत ठेवलेले रुबिडियमचे घड्याळ आहे आणि या रेषेसाठी ते पुरेसे आहे, कारण शिफारस केलेल्या मूल्यातलीच अनिश्चितता सुमारे 5 किलोहर्ट्झ आहे. हायड्रोजनच्या 1S-2S संक्रमणासारखे काम करायचे असेल तर मात्र असे घड्याळ चालणार नाही. जर्मनीतील गार्शिंगच्या संशोधकांच्या गटाने 2011 मध्ये जाहीर केलेले त्याचे मूल्य 2,466,061,413,187,035 हर्ट्झ आहे आणि त्यातली अनिश्चितता अवघी 10 हर्ट्झ. तिथे सिझियमचे कारंजे-घड्याळ, म्हणजे अणू कारंज्यासारखे वर उडवून चालणारे अतिअचूक घड्याळ, लागते. आमच्या घड्याळाने दिलेला एकमेव त्रास गच्चीवरच्या अँटेनाचा होता. तिच्या जोडाला गुंडाळलेली पट्टी उन्हाने तडकली, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी केबलमध्ये उतरले आणि दोन दिवस घड्याळ उपग्रहांवाचून चालत राहिले. लॉकचे हिरवे दिवे तेव्हाही हिरवेच होते. घड्याळाची स्थिती निरीक्षणांच्या फाइलमध्येच नोंदली गेली पाहिजे, ही सोय यंत्रासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. ती आम्ही स्वतः लिहून घेतली.

मोजणीचा निकाल असा: पहिल्या आठवड्यातली आमची वारंवारता शिफारस केलेल्या मूल्यापासून 31 किलोहर्ट्झ दूर पडली. कॉम्बवर दोष ढकलण्याचा मोह झाला होता, पण लेसरची शक्ती अर्धी, मग पाव करून पुन्हा मोजल्यावर रेषा शक्तीच्या प्रमाणात सरकताना स्पष्ट दिसली. अणूंवर पडणारा तीव्र प्रकाशच त्यांच्या पातळ्या हलवत होता. शून्य शक्तीपर्यंत सरळ रेघ वाढवल्यावर फरक 6 किलोहर्ट्झवर आला. उरलेल्यापैकी काही वाटा सेलच्या काचेतून झिरपलेल्या हेलियमचा असावा असा आमचा अंदाज आहे आणि नवीन सेल भरून त्याची तपासणी चालू आहे. चूक यंत्रात नसून अणूंच्या भोवतालात आहे, असे खात्रीने म्हणता आले ते केवळ कॉम्बमुळे. साध्या तरंगलांबीमापकाच्या कित्येक मेगाहर्ट्झच्या चुकीत हे 31 किलोहर्ट्झ कधी दिसलेच नसते. अर्थात तो मापकही लागतोच. लेसर नेमक्या कोणत्या दाताजवळ आहे हे कळण्यासाठी 250 मेगाहर्ट्झच्या निम्म्याहून बरीच कमी चूक असलेला मापक हाताशी हवा, अन्यथा दाताचा क्रमांक एकाने चुकतो आणि पुढचे सगळे दशांश व्यर्थ जातात.

ज्यांना पातळ्यांमधली लहान अंतरेच मोजायची आहेत, उदाहरणार्थ अतिसूक्ष्म रचनेतली अंतरे, त्यांनी हे यंत्र घेऊ नये. एक स्थिर पोकळी किंवा ध्वनिप्रकाशीय मॉड्युलेटर तेवढे काम फार कमी पैशांत करतो. वायूंचा विस्तृत वर्णपट झपाट्याने घ्यायचा असेल तर जरा वेगळ्या अंतराच्या दोन फण्या एकत्र वापरण्याची पद्धत अधिक उपयोगी आहे, आणि त्यासाठी एकच महागडा कॉम्ब घेऊन भागत नाही. मात्र जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येईल असा निखळ आकडा ज्यांना हवा आहे, त्यांना दुसरा सोपा मार्ग नाही. त्यांनी खोली, एसी, चांगला यूपीएस, घड्याळ आणि कनेक्टर तपासण्याचा सूक्ष्मदर्शक हे सारे यंत्र येण्यापूर्वी जागेवर चालू करून ठेवावे.

आमच्या सेवा कराराचे नूतनीकरण या महिन्यात झाले. प्रतिसादाची मुदत पाच कामाच्या दिवसांवर आणावी आणि मूळ कंपनीच्या तंत्रज्ञांशी थेट संपर्काचा हक्क करारात लिहावा, या दोन अटी आम्ही घातल्या होत्या. दुसरी त्यांनी लगेच मान्य केली, तर पहिलीवर दहा दिवसांची तडजोड झाली.